उजवा कान

बाबांनी मासेमारीचं रीळ उजव्या कानाला लावलं, हँडल सावकाश सात वेळा फिरवलं आणि म्हणाले, "गप्प आहे. जाऊ दे." मी ते परत घेतलं, डब्यात ठेवता ठेवता सवयीने हँडल एकदा फिरवलं, आणि आतून बारीक कर्र असा आवाज आला. जेवताना दाताखाली खडा यावा तसा. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. सकाळचे अकरा वाजले होते, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बाबांनी चहाचा कप उचलला होता आणि ते बाहेर रस्त्याकडे बघत होते. मी माझ्या ट्रेकडे पाहिलं. तिसऱ्या खणात नवीन बेअरिंग कागदात गुंडाळलेलं तसंच पडलं होतं. म्हणजे जुनं, मिठाने खाल्लेलं, आतच राहिलं होतं. मघाशी बायकोचा फोन आला होता, घरची पाण्याची टाकी वाहत होती, ते सगळं निस्तरून मी बाकावर परत आलो आणि बेअरिंग बदललेलंच आहे असं समजून झाकण लावून मोकळा झालो. चूक माझीच, शंभर टक्के. तीस वर्षांत अशी चूक माझ्याकडून झाली नव्हती असं नाही. पण तीस वर्षांत ती बाबांच्या कानातून सुटली, असं एकदाही झालं नव्हतं. मग, लपवून काय करू, आनंद झाला. माझं लग्न ठरलं तेव्हाही इतका झाला नव्हता. मी रीळ गुपचूप उघडलं, बेअरिंग बदललं, पुन्हा बंद केलं आणि बाबांच्या सहीचं कार्ड त्यावर बांधलं. ते कार्ड बांधताना मनात एकच वाक्य घोळत होतं : म्हाताऱ्याला ऐकू येत नाही.

आमचं दुकान रिळांचं आहे. तळ्याकाठी वेळ घालवायला बसणाऱ्यांच्या रिळांचं नव्हे. भर समुद्रात जाऊन दोन माणसांच्या वजनाचा मासा गळाच्या काठीवर ओढणारे जे वेडे लोक असतात, त्यांच्या रिळांचं. असल्या एका रिळाच्या किमतीत चांगली दुचाकी येते, आणि तरी ते तळहातावर मावतं. आत पितळेचा दातेरी गिअर, नखाएवढी अकरा-बारा बेअरिंगं, दोऱ्याला ब्रेक लावणाऱ्या काळ्या चकत्यांची चळत, आणि पाणी आत येऊ नये म्हणून केसासारख्या बारीक रबरी कड्या. मासा पळायला लागला की तीनशे मीटर दोरा बघता बघता सुटतो, चकत्या तापतात, आणि त्या वेळी आत मिठाचा एक कण जरी असला तरी रीळ अडकतं, दोरा तुटतो, आणि माणूस आयुष्यभर त्याच माशाची गोष्ट सांगत फिरतो. म्हणून ट्रिपवर जाण्याआधी सगळे रीळ आमच्याकडे आणतात. आमच्याकडे म्हणजे बाबांकडे. मी उघडतो, धुतो, पुसतो, बदलतो, जोडतो. त्याला माझा अख्खा दिवस जातो. मग बाबा ते कानाला लावतात, सात फेरे ऐकतात, आणि त्याला अर्धा मिनिट लागतं. लोक त्या अर्ध्या मिनिटासाठी येतात. सही त्यांची, नाव त्यांचं, 'बाबांच्या कानाखालून गेलेलं रीळ' असं लोक एकमेकांना सांगतात. माझं काम कुणाला विचाराल तर म्हणतील, तो मुलगा, मदतीला असतो. सेहेचाळीस वर्षांचा मुलगा. बाबांचा नियम असा की ते ऐकत असताना मी समोर उभं राहायचं, हात बाजूला, आणि हलायचं नाही. डोळे त्यांचे उघडे, माझ्यावर रोखलेले. नवीन गिऱ्हाइकांना त्याची गंमत वाटायची. मला वाटायचं, हा माणूस माझा तिरस्कार करतो आणि हँडल फिरवता फिरवता तो मोजून घेतो.

सोळाव्या वर्षी मी पहिलं रीळ एकट्याने जोडलं. जोडताना एक पातळ चकती निसटून टेबलाखाली गेली. मी गुडघ्यांवर बसून शोधली, सापडली नाही; आणि तिच्यावाचूनही हँडल फिरत होतं, म्हणून तसंच बंद केलं. दुकानात चार माणसं होती. बाबांनी कानाला लावलं. फेरे संपेपर्यंत माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत आला होता. "बोलतंय," ते म्हणाले, "उघड." मी उघडलं. "काय नाही यात?" मी म्हटलं, सगळं आहे. त्यांनी ते माझ्याच हाताने पुन्हा जोडायला लावलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा "बोलतंय, उघड." असं सात वेळा. त्या चार माणसांतला एक जण मधे हसला आणि म्हणाला, पोरगं रडेल हो आता. सातव्या वेळी मी खरंच रडलो आणि चकतीचं सांगून टाकलं. बाबा खाली वाकले, टेबलाच्या पायाशी हात घातला, चकती काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्यांना ती कुठे पडली ते पहिल्यापासून माहीत होतं! त्या दिवशी डबा आला तो तसाच परत गेला, मला जेवायला बसू दिलं नाही. संध्याकाळी आईने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, त्यांच्यापासून काही लपत नाही रे, कशाला लपवायला जातोस. ती 'कानातून सुटत नाही' म्हणाली नाही, 'लपत नाही' म्हणाली; पण सोळाव्या वर्षी माणूस शब्दांकडे कुठे बघतो. मी त्या कानाला घाबरायला लागलो. बाबांचा उजवा कान मला कधीकधी झोपेतही दिसायचा, मोठा, केसाळ, आणि मी त्याच्यासमोर हात बाजूला ठेवून उभा.

घरातही तेच होतं. मी कॉलेजात सिगरेट ओढून आलो, तर बाबा ताटावरून नजर उचलून म्हणायचे, "बोलतोय हा. उघड खिसा." परीक्षेला बसलोच नव्हतो आणि पेपर बरा गेला म्हणून सांगितलं, तेव्हाही तेच. मला वाटायचं, आवाजातला कंप त्यांना ऐकू येतो, जसा बेअरिंगमधला येतो. मी आवाजाचा सराव करायचो, न्हाणीघरात नळ सोडून, एकच वाक्य पुन्हापुन्हा, सरळ, बिनकंपाचं. आता आठवलं की स्वतःची कीव येते. बाकी घरातली बसायची रीत ठरलेली होती. बाबांची उजवी बाजू कायम भिंतीला. आई त्यांच्या डावीकडे बसायची, रस्त्याने चालताना डावीकडून चालायची, आणि मी चुकून उजवीकडे गेलो की मला खांद्याला धरून इकडे आणायची. तिला जाऊन सात वर्षं झाली. ती गेल्यावर तिच्या जागेवर माझी बायको बसायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. दुकानातही त्यांची खुर्ची तशीच, उजवा हात भिंतीकडे, आणि डाव्या बाजूला सगळं जग. हे सगळं मी रोज बघत होतो. बघत होतो म्हणजे डोळे उघडे होते, एवढंच.

तर बेअरिंगचा तो प्रकार झाल्यावर मी दोन दिवस वाट पाहिली आणि मग मुद्दाम करून बघितलं. वाया गेलेलं एक बेअरिंग डबीत जपून ठेवलं होतं, ते एका चांगल्या रिळात घातलं. हँडल फिरवलं की कर्र आवाज यायचा, इतका स्पष्ट की रस्त्यावरून जाणारा थांबावा. ते घेऊन मी समोर उभा राहिलो. आता पकडतात की काय, एवढंच डोक्यात होतं. बाबांनी कानाला लावलं, तीनच फेरे ऐकले, चौथ्याला थांबले. "बोलतंय. उघड." तोंडात मारल्यासारखं झालं मला. म्हणजे ऐकू येत होतं! मग परवा काय झालं? मी ते रीळ उघडत बसलो, आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता. या वयातही म्हातारा मला हरवतो, आणि हरवलं हे त्याला माहीतसुद्धा नसतं. मग मी स्वतःची समजूत घातली, की वय झालं, चौऱ्याहत्तर, कान कधी चालत असेल कधी नसेल, जुन्या रेडिओसारखा. म्हणजे एकट्यात परीक्षा घेऊन भागणार नाही. चार माणसांत घ्यायची, आणि नेमका तो न चालण्याचा क्षण गाठायचा. मला दुकान नको होतं, दुकान तसंही माझंच होणार होतं. सहीसुद्धा नको होती. मला फक्त एवढंच हवं होतं की एकदा, एकदाच, त्यांनी चारचौघांत चुकावं, आणि चुकलो हे त्यांच्या तोंडावर दिसावं, आणि मी तेव्हा समोर उभा असावा.

दातांचे एक डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. वर्षातून एकदा ट्यूना माशाच्या मागे दूरच्या समुद्रात जातात, त्याआधी दोन रिळं आणून देतात आणि न्यायला स्वतः येतात, कारण बाबा ऐकतात ते त्यांना बघायचं असतं. दिवसभर मी लोकांच्या तोंडात मशीन चालवतो, मला आवाजातलं कळतं, असं ते म्हणायचे, आणि बाबांच्या कानाला हात जोडायचे. तेच मला हवे होते. शुक्रवारी दुपारी बारा वाजता येतो म्हणाले, शनिवारी पहाटे त्यांचं विमान. मी त्यांची दोन्ही रिळं तीन दिवस खपून अशी केली की माझ्या हातून तितकं सुंदर काम पूर्वी झालं नव्हतं. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसता नालायक आहे. ग्रीस इतकं पातळ लावलं की चकत्यांवर फक्त ओल दिसावी. आणि मग त्यातल्या मोठ्या रिळातलं एक चांगलं बेअरिंग काढून कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि त्याच्या जागी डबीतलं ते मेलेलं बसवलं. बेत सोपा होता. बाबा म्हणणार, जाऊ दे. मी म्हणणार, डॉक्टर, जरा तुम्ही ऐका. मग पाच मिनिटांत मी खरं बेअरिंग घालून देणार, आणि डॉक्टर जाताना माझ्याकडे बघणार, त्यांच्याकडे नाही. शुक्रवारी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि बायको म्हणाली, आज काय विशेष, चेहरा कसा उजळलाय. मी म्हटलं, काही नाही. पोळीचा घास मोडताना मी गुणगुणत होतो. डोक्यात ते दृश्य इतक्या वेळा झालं होतं की आता भीती उरलीच नव्हती, नुसतं सुख उरलं होतं.

डॉक्टर बाराला पाच कमी असताना आले. दुकानात आणखी दोघं होते, दोरा घ्यायला आलेले. पहिलं रीळ झालं, गप्प आहे, जाऊ दे. मग मी मोठं दिलं. हात बाजूला ठेवून समोर उभा राहिलो आणि बाबांच्या डोळ्यात डोळे घालून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. एरवी माझी नजर त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर असायची. त्यांनी हँडल फिरवायला सुरुवात केली आणि मला मी उभा होतो तिथपर्यंत कर्र, कर्र ऐकू येत होतं. दोरा घेणाऱ्यांपैकी एकाने मान वळवून बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते. तिसऱ्या फेऱ्याला त्यांच्या डोळ्यांच्या कडांना काहीतरी झालं, मऊ झाल्या म्हणू का, मला शब्द सापडत नाही. आणि सातव्या फेऱ्यापर्यंत तर ते हसायच्या बेतात आले होते. "गप्प आहे," ते म्हणाले, आणि थांबून, जे कधीच म्हणत नसत ते म्हणाले, "छान झालंय. जाऊ दे."

डॉक्टरांनी घ्यायला हात पुढे केला होता. मी रीळ मधेच घेतलं आणि म्हटलं, "डॉक्टर, जरा तुम्हीच कानाला लावून बघा." त्यांनी लावलं. एक फेरा. दुसरा. त्यांनी रीळ कानापासून लांब धरलं, आणि मग सगळ्यांनाच ऐकू आलं. दुकान असं चिडीचूप झालं की ते बेअरिंगच काय ते बोलत होतं. मी बाबांकडे बघितलं. जे बघायला मी तीस वर्षं थांबलो होतो ते समोर होतं, तोंड अर्धवट उघडं, नजर रिळावरून माझ्यावर, माझ्यावरून रिळावर. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की बाबांना आता ऐकू येत नाही, वयच झालंय, यापुढे मी बघत जाईन. आणि डॉक्टर, काळजी करू नका, पाच मिनिटांत करून देतो. असं म्हणून मी बाकावर बसलो, झाकण उघडलं, खराब बेअरिंग चिमट्याने काढलं आणि खिशातून कागदाची पुडी काढून नवीन बसवलं. हात अगदी सराईतपणे चालले होते. झाकण लावून वर बघितलं तर डॉक्टर रिळाकडे बघत नव्हते, त्या रिकाम्या कागदाकडे बघत होते. मग माझ्या खिशाकडे. मला तेव्हा कळलं मी काय केलंय ते. शेल्फवरून घेतलं असतं, ट्रेमधून घेतलं असतं, तरी चाललं असतं. पण कुठलं बेअरिंग लागणार हे आधीच माहीत असलेला माणूसच ते खिशात घेऊन बसतो. डॉक्टरांनी दोन्ही रिळं पिशवीत घातली, पैसे टेबलावर ठेवले. बाबांच्या खांद्याला जाता जाता हात लावला. माझ्याकडे न बघता ते गेले आणि नंतर कधी आलेही नाहीत. दोरा घेणाऱ्यांनी दोरा तिथेच ठेवला आणि तेही निघून गेले.

बाबांनी डबा पिशवीत भरला, चष्म्याचं घर खिशात टाकलं. त्यांचा लहान स्क्रूड्रायव्हर, लाकडी मुठीचा, पुसून माझ्या ट्रेच्या पहिल्या खणात ठेवला. मी म्हटलं, कुठे निघालात, जेवायची वेळ झाली. मग म्हटलं, कान दाखवून येऊ या, हल्ली यंत्रं चांगली मिळतात. ते उंबऱ्याशी थांबले, डावा कान माझ्याकडे करून. "हा बोलणं ऐकण्यापुरता चांगला आहे, रिळातलं कर्र यालाही येत नाही," म्हणाले. "उजवा तू आठवीत असताना गेला. पू झाला होता, पडदा गेला. आईला माहीत होतं." मला आधी कळेचना. आठवीत. म्हणजे मी पहिलं रीळ जोडलं त्याच्या तीन वर्षं आधी. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं काय ऐकत होतात?"

"ऐकत कुठे होतो? तुझं तोंड बघत होतो. तुला स्वतःच्या कामात खोट दिसली की तुझ्या तोंडावर दिसायची. रिळापेक्षा ते सोपं होतं. तुझ्याइतका चांगला कान मला कधीच नव्हता, अगदी चांगला होता तेव्हाही नाही." त्यांनी चपला घातल्या. मला वाटलं संपलं. पण ते वळले आणि अगदी साध्या आवाजात, हवामानाचं बोलावं तसं म्हणाले, "आज तू इतका खूश होऊन उभा होतास. कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, जमलं याला. आता याला माझी गरज नाही."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, माझ्या बाजूने, जरा झाकून. बाबांचा उजवा कान कामातून गेलाय आणि त्यांनी आपल्याला इतकी वर्षं पत्ता लागू दिला नाही, असं म्हटलं. ती भाजी निवडत होती. तिने नवलाने वर बघितलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. उजवीकडून हाक मारली की ते वळायचे नाहीत. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, म्हणून कधी बोलले नाही." म्हणजे आईला माहीत, बायकोला माहीत. त्या दोघी त्यांच्या डाव्या बाजूला बसून तीस वर्षं सांभाळून घेत होत्या, आणि मी एकटा समोर उभा राहून त्या मेलेल्या कानाला भीत होतो. मला हसू आलं आणि ते हसू चांगलं नव्हतं. बायकोने विचारलं, बाबा आज दुपारीच कसे आले, बोलत का नाहीत. मी म्हटलं, थकलेत.

ते दुकानात परत आले नाहीत. मी त्यांच्या खुर्चीत बसायला लागलो, कार्डावर माझी सही करायला लागलो. पहिला आठवडा बरा गेला, खोटं कशाला बोलू. खुर्ची उबदार होती. दुसऱ्या आठवड्यापासून रिळं बोलायला लागली. जोडून झालं, कानाला लावलं, गप्प. डब्यात घालताना वाटायचं, बोललं. पुन्हा लावलं, गप्प. तरी उघडायचो. एकेक रीळ चार चार वेळा उघडायला लागलो, गिऱ्हाईक घड्याळात बघायचं. आत काही नसायचं. मला कळत होतं काय होतंय ते. मला इतकी वर्षं रिळातलं कळत होतं, पण ते कळलंय हे मला त्यांच्याकडून कळत होतं. माझा निकाल ते वाचून मला सांगायचे. आता वाचणारं कोणी नव्हतं. हात धुवायच्या बेसिनवर आरसा आहे, त्यात बघून घेतलं एकदा, हातात रीळ धरून. काही दिसलं नाही, दाढी वाढलेली दिसली. मग भाड्याने बोट चालवणारा एक कप्तान रीळ घेऊन आला, माझ्याच सहीचं, आणि टेबलावर आपटून गेला. मासा दोऱ्यावर असताना ते समुद्रात अडकलं होतं, काठी मोडली, त्याच्या गिऱ्हाइकाच्या बोटाची कातडी सोलून निघाली होती. मी उघडून बघितलं. आत मीठच मीठ. एक रबरी कडी वाकडी बसून चिरली होती. पाचव्यांदा बंद करताना ती चिमटली असणार. चौथ्यांदा ती नीट होती, मला शपथेवर सांगता येईल. दोन वेळाच उघडलं असतं तर त्या माणसाचं बोट वाचलं असतं.

परवा कप्तानाचंच दुसरं रीळ करायला आलं. शेवटची संधी देतो म्हणाला. मी ते एकदा जोडलं, आणि पुन्हा उघडायचं नाही म्हणून हात मांडीखाली दाबून बसलो. मग दुकानाला कुलूप लावलं आणि भर दुपारी रीळ घेऊन घरी गेलो. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, उजवी बाजू भिंतीला. बायको बाहेर गेली होती. मी चपला काढल्या, समोर जाऊन उभा राहिलो आणि रीळ पुढे केलं. किती दिवसांनी त्यांच्याशी बोलत होतो, आणि बोलायचं काय तर, बघा माझ्याकडे. मी म्हटलं, "बाबा, एवढं एक बघता?" त्यांनी रीळ घेतलं. हात पूर्वीसारखेच स्थिर होते. मी हात बाजूला ठेवले, हललो नाही, मान वर केली, उजेड तोंडावर यावा म्हणून अर्धं पाऊल खिडकीकडे सरकलो. माझ्या तोंडावर जे काही होतं ते सगळं मी त्यांच्यासमोर धरलं होतं.

त्यांनी रीळ उजव्या कानाला लावलं आणि डोळे मिटले. गच्च मिटले, लहान मूल औषध घेताना मिटतं तसे. मी म्हटलं, बाबा. ते हँडल फिरवत राहिले. एक, दोन, तीन. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेलो, वाकलो, त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "बाबा, डोळे उघडा." त्यांना ऐकू आलं होतं, पापण्या हलल्या होत्या. पाच, सहा, सात. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून रीळ माझ्या दिशेने पुढे केलं.

"गप्प आहे," ते म्हणाले. "जाऊ दे."